साहेबाचे ओटे आणि पॅरिसला पोहोचलेली दोन पत्रे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही दगडी ओटे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. कोणी ‘कट्टे’ही म्हणतात. अलीकडे दरवर्षी १८ ऑगस्ट रोजी तेथे हेलियम दिन साजरा होतो. सर नॉर्मन लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ओट्यांवर दुर्बीण रोवली आणि येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, असे तेथे सांगितले जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आमच्या धर्मग्रामांतून कोकणात सहली जातात. मुले ही माहिती वहीत उतरवून आणतात आणि पुढे शाळेच्या प्रकल्पात लिहितात.

वाचकहो, ओटे खरे आहेत, साहेब खरा आहे आणि ग्रहणही खरे आहे. वर्ष मात्र खरे नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली आणि एक सोयीची कथा तयार झाली. हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या गावात काही मोठे घडले असे सांगताना कोणाची छाती फुगणार नाही? परंतु खरी हकिकत या कथेहून अधिक मोठी आहे, आणि ती आपल्या मुलांच्या वाट्याला यावी असे आम्हांस वाटते. ती कळते कशावरून? त्या काळच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांना लिहिलेल्या, तारीख घातलेल्या पत्रांवरून.

पत्रांवर उभे राहिलेले शास्त्र

राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, शास्त्राचा संसार पुष्कळसा टपालावर चालत असे. प्रयोगशाळा थोड्या, विद्यापीठांतून शास्त्राच्या जागा त्याहून थोड्या. निरीक्षण करणारे लोक मात्र जगभर विखुरलेले होते: कोणी लष्करात, कोणी वैद्यकीत, कोणी धर्मगुरू, कोणी कारकून. एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या पाहण्याशी ताडून बघायचे तर पत्रावाचून मार्ग नव्हता.

चार्ल्स डार्विन यांचेच उदाहरण घ्या. प्रकृतीच्या तक्रारींमुळे ते केंट परगण्यातील आपले घर सहसा सोडीत नसत. १८५५ च्या अखेरीस त्यांनी देशोदेशीच्या ओळखीच्या लोकांना विनंती पाठवली, की तुमच्याकडच्या पाळीव कबुतरांची व कोंबड्यांची कातडी आम्हांस धाडा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लिथ त्यांना हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांविषयी लांबलचक पत्रे लिहीत. डार्विन यांची आलेली-गेलेली सुमारे पंधरा हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. ती छापण्याचे काम ३० खंडांत २०२३ साली पूर्ण झाले. एका माणसाच्या विचाराला किती हात लागले होते, हे त्या खंडांवरून दिसते.

आपल्या मुंबईतही हेच घडत होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्यात विद्वानांच्या प्रबंधांबरोबरच किरकोळ टिपणांचा एक विभाग असे. जंगलखात्यातील अधिकारी असो वा चहाच्या मळ्यावरचा माणूस, आपण काय पाहिले, कोठे पाहिले आणि केव्हा पाहिले हे लिहून पाठवी. विद्वत्ता नसली तरी चाले. ठिकाण आणि तारीख नसली तर मात्र चालत नसे.

हा नियम ध्यानात ठेवून आता आपण सूर्याकडे वळू.

मिठाची चिमूट आणि एक येशूसंघीय

स्वयंपाकघरात शेगडीच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे पाणी उतू गेले तर ज्योत पिवळी होते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. मिठातील सोडियममुळे असे होते. १८५९ साली जर्मनीतील किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले, की तापलेले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगांचा प्रकाश देते. हा प्रकाश त्रिकोणी लोलकातून पसरवला की वर्णपटात ठरावीक जागी ठरावीक रेषा उमटतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखीच ही खूण. ती पाहण्याच्या साधनाला वर्णपटदर्शक म्हणतात. सूर्यावर न जाता सूर्य कशाचा घडला आहे हे सांगण्याची किल्लीच माणसाच्या हाती आली.

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो तेव्हा चंद्रबिंबाच्या कडेला तांबूस ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद जुना होता. १८ जुलै १८६० रोजी स्पेनमध्ये खग्रास ग्रहण दिसले. त्या वेळी देशाच्या उत्तर भागात वॉरन द ला रू हे इंग्रज, तर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ रोमचे येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की छायाचित्रे घेत होते. दोघांमध्ये शेकडो किलोमीटरांचे अंतर होते. पुढे दोन्ही ठिकाणची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा ज्वालांचे आकार जुळले, आणि त्या सूर्याच्याच आहेत हे ठरले. एकट्या सेक्कींना वा एकट्या द ला रूंना हे सिद्ध करता आले नसते.

द ला रू हे शास्त्राचे हौशी उपासक. त्यांच्या घराण्याची छपाईची कंपनी होती, आणि १८५५ पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटे तीच कंपनी छापीत असे. आपल्या देशातून त्या काळी निघालेल्या पत्रांवरची राणीच्या मुखवट्याची तिकिटे याच कारखान्यातील होती.

फादर सेक्कींविषयी (१८१८–१८७८) आमच्या कुटुंबांतून फारसे बोलले जात नाही याचे आम्हांस नवल वाटते. आम्ही सेमिनरीत शिकत असताना गॅलिलिओचे प्रकरण वारंवार चर्चेत येई. सेक्कींचे नाव क्वचितच निघे. रोमन कॉलेजच्या वेधशाळेतून त्यांनी चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट पाहिले आणि वर्णपटांवरून ताऱ्यांचे वर्ग पाडले. १८७१ साली त्यांनी आणि पिएत्रो ताक्कीनी यांनी इटलीत वर्णपट-अभ्यासकांची संस्था काढली. पुढे १८७४ च्या डिसेंबरात शुक्राचे सूर्यावरून अधिक्रमण झाले तेव्हा हेच ताक्कीनी बंगालमध्ये आले. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफाँ त्यांच्याबरोबर निरीक्षणात सामील झाले, आणि पुढच्याच वर्षी त्या कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. रोमहून कलकत्त्यापर्यंतचा हा धागा पुढे पुन्हा आपल्या हाती येणार आहे.

१८६८ : एकाच दिवशी दोन पत्रे

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण दीर्घ खग्रासाचे होते आणि त्याचा पट्टा दख्खनवरून आंध्रच्या किनाऱ्याकडे जाणार होता. वर्णपटदर्शक हाती आल्यानंतरचे हे पहिलेच मोठे ग्रहण. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शल, तर विजापुरात कॅप्टन हेग सज्ज झाले. हर्शल म्हणजे प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शल यांचे पुत्र. त्यांना रॉयल सोसायटीने लंडनहून उपकरणे धाडली होती. ऐन पावसाळ्याचे दिवस. आमच्या मराठी मुलखाच्या सीमेवरील या दोन्ही ठिकाणी ढगांनी पाठ सोडली नाही. तरीही फटीफटींतून दिसले तेवढे त्यांनी टिपले: ज्वालांच्या वर्णपटात सुट्या, तेजस्वी रेषा आहेत. म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत. दोघांनीही हे वृत्तान्त लंडनला लिहून कळवले.

पूर्वेकडे गुंटूर येथे फ्रान्सचे पिएर जान्सेन होते. त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी लख्ख उन्हात वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर रोखला आणि त्या रेषा खरोखरच दिसल्या! ज्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे आणि दोन-पाच मिनिटांत सर्व उरकावे, ते आता रोज पाहता येणार होते. पुढचे काही दिवस त्यांनी निरीक्षण चालू ठेवले आणि सप्टेंबरात पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र धाडले. सुएझचा कालवा अद्याप खुला झालेला नव्हता. तो १८६९ च्या नोव्हेंबरात झाला. टपाल बोटीने सुएझपर्यंत, तेथून इजिप्तच्या रेल्वेने अलेक्झांड्रियापर्यंत आणि पुन्हा बोटीने युरोपात असा प्रवास करी.

आता लॉकयर यांच्याकडे पाहू. वय ३२ वर्षे. लंडनच्या युद्धखात्यात कारकून. ज्योतिषाचा नाद घरच्या दुर्बिणीवर. ग्रहणावाचूनही ज्वालांच्या रेषा दिसाव्यात ही कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. मात्र त्यासाठी मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराकडून हाती यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडमधूनच त्यांनी त्या रेषा पाहिल्या. हिंदुस्थानातील जान्सेन यांच्या यशाची त्यांना वार्ताही नव्हती. त्यांनी आपले वृत्त कळवले आणि द ला रूंच्या मार्फत ते पॅरिसला गेले.

२६ ऑक्टोबर १८६८ रोजी अकादमीच्या एकाच बैठकीत दोन्ही पत्रे वाचली गेली. एक पत्र महिनाभराहून अधिक काळ समुद्र ओलांडीत आलेले, दुसरे काही दिवसांतच खाडी पार करून आलेले. पहिला मान कोणाचा, यावर दोन देशांत भांडण जुंपणे सहज शक्य होते. अकादमीने दोन्ही पत्रांना समान मान दिला. पुढे १८७२ साली फ्रान्सने जान्सेन आणि लॉकयर या दोघांचे मुखवटे एकाच बाजूस कोरलेले पदक पाडले. ते दोघे आयुष्यभर मित्र राहिले. आपल्या संस्थांतून आणि मंडळांतून श्रेयावरून किती मने दुखावतात हे पाहणाऱ्या आम्हांला या पदकाचे मोल फार वाटते.

हेलियमचा उलगडा या पत्रांच्या पाठोपाठ झाला. ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. प्रथम ती सोडियमचीच वाटे, परंतु लॉकयर यांनी काळजीपूर्वक मोजले तेव्हा ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून थोडी बाजूला असल्याचे दिसले. ठाऊक असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या साहाय्याने शोध घेऊनही जुळली नाही, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्यास ‘हेलियम’ हे नाव मिळाले. अनेकांनी शंका घेतली. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली. स्वतःच्याच डोळ्यांवर न विसंबता त्यांनी तो वायू काचनळ्यांत भरून क्रुक्स आणि लॉकयर यांच्याकडे तपासणीसाठी पाठवला. सूर्यावर सापडलेले द्रव्य २७ वर्षांनी पृथ्वीवर हाती लागले.

म्हणजे हेलियमच्या शोधाचे एक गाव नाही. जमखंडी, विजापूर, गुंटूर, पॅरिस, लंडन अशी ती माळ आहे. त्या माळेत विजयदुर्ग कोठे येते ते पाहण्यापूर्वी आपल्याला पुण्याला जायचे आहे.

पुण्याचा पत्रलेखक

कावसजी दादाभाई नायगामवाला (१८५७–१९३८) हे पारशी गृहस्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेजात आले आणि त्यांनी वर्णपट-प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले; तेवढीच रक्कम मुंबई सरकारने घातली. १८८४ साली नायगामवाला उपकरणे घेण्यास इंग्लंडला गेले. तेथे लॉकयर आदींशी त्यांची गाठ पडली आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरले. १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली. तिच्यातील २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती.

लॉकयर आता मोठे झाले होते. १८६९ साली त्यांनी ‘नेचर’ हे साप्ताहिक काढले आणि ते पन्नास वर्षे चालवले. त्यातील वाचकांच्या पत्रांच्या सदरात शास्त्रज्ञांचे वाद सर्वांसमक्ष होत. लॉकयर यांचे स्वतःचे एक मत त्या सुमारास गाजत होते. आकाशातील तेजोमेघ हे उल्कांच्या टकरींतून तापलेले ढग आहेत आणि त्यांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होय, असे ते म्हणत. इंग्लंडचे विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते.

प्रश्न सोपा करून सांगायचा तर असा: ती पट्ट्याची कड असेल तर एका बाजूने रेखीव आणि दुसऱ्या बाजूने विरळ होत गेलेली दिसली पाहिजे. नायगामवालांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघावर दुर्बीण रोखली. त्यांना ती रेषा दोन्ही बाजूंनी बारीक आणि रेखीव दिसली. १८९१ साली त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच लाडक्या मताविरुद्ध ही साक्ष होती.

या टपालाचा मार्ग आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. १८६३ साली बोरघाट पार झाला. पुण्याहून लंडनला निघालेले टपाल घाट उतरून कल्याण आणि ठाण्यावरूनच मुंबईच्या बंदराला लागे. आपल्या रुळांवरून धान्य, कापूस आणि माणसांबरोबर त्या हिरव्या रेषेचा निवाडाही गेला.

निवाडा नायगामवालांच्या बाजूने लागला. ती रेषा मॅग्नेशियमची नव्हे. अत्यंत विरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती आहे, हे १९२७ साली अमेरिकेचे आयरा बोवेन यांनी दाखवले. परतंत्र देशातील एका शिक्षकाने साम्राज्याच्या राजधानीतील मान्यवराला नम्रपणे, परंतु स्पष्ट शब्दांत ‘मला तसे दिसले नाही’ असे कळवले, हे आम्हांला फार मोठे वाटते. उपकार स्मरणे आणि खरे सांगणे यांत विरोध नाही. दोन्ही एकाच माणसाला साधतात.

१८९८ : दोन मिनिटांचे ग्रहण

आता त्या ओट्यांकडे येऊ. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास ग्रहण कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी भूमीवर येऊन सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूर या मार्गाने बिहारकडे गेले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी जगभरातून लोक आले. विजयदुर्गावर लॉकयर, त्यांना ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील शंभराहून अधिक नौसैनिकांचे साहाय्य होते. कोणी कोणत्या उपकरणाशी उभे राहायचे, कोणी प्रभामंडळ रेखाटायचे, याची तालीम ग्रहणाआधी दिवसेंदिवस चालली. ओट्यांना ‘साहेबाचे’ म्हणतात ते यामुळे.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगामवालांची पुण्याहून आलेली तुकडी होती. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि जपानची तुकडी. वऱ्हाडात तळणी येथे वॉल्टर आणि ॲनी मॉन्डर हे दांपत्य होते. ग्रिनिच वेधशाळेतील ॲनीबाईंना लग्न होताच, १८९५ साली, नोकरी सोडावी लागली होती. विवाहित स्त्रीला तेथे जागा नसे. त्याच बाईंनी एका लहान कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एवढा लांब किरण टिपला, की तोवर कोणाच्याही छायाचित्रात तसा आला नव्हता. त्यांच्याबरोबर जॉन एव्हरशेड हे हौशी निरीक्षक होते. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

पट्ट्याच्या पूर्वेकडे, बिहारमधील डुमराव येथे, कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर द कॅम्पिन्यूल यांची तुकडी होती. सेक्की, ताक्कीनी, लाफाँ असा जो धागा आपण मागे पाहिला, त्याचे हे पुढचे टोक. याआधी १८८९ साली इंग्लंडच्या स्टोनीहर्स्टचे फादर स्टीफन पेरी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील बेटावर आजारी असतानाही ग्रहणाचे निरीक्षण पुरे करून पाचच दिवसांत जहाजावर निवर्तले होते. श्रद्धा आणि शास्त्र यांचे वैर आहे असे समजणाऱ्या तरुणांना आम्ही ही नावे सांगतो. वाद घालण्यापेक्षा ते बरे.

काळ मात्र कठीण होता. १८९६–९७ च्या दुष्काळातून लोक नुकते सावरत होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाच्या संतापातून जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध झाला. मुंबईहून निघालेल्या उतारूंची कल्याण जंक्शनवर वैद्यकीय तपासणी होई. गाडीतून उतरवून रांगेत उभे केले जाई. एकीकडे घाबरलेली, गाठोडी घेतलेली कुटुंबे आणि त्याच लोहमार्गावर दुर्बिणींच्या पेट्या. सूर्याकडे पाहणाऱ्यांचे हिंदुस्थान आणि पोटाकडे पाहणाऱ्यांचे हिंदुस्थान हे एकच होते, हे इतिहास वाचताना विसरू नये.

त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. सर्व तुकड्यांना यश आले. नायगामवालांनी आपला अहवाल १९०२ साली मुंबईत छापला. त्याच्या शीर्षकात ग्रहणाची तारीख ‘२१–२२ जानेवारी’ अशी आहे. वाचक गोंधळू नयेत म्हणून सांगतो: त्या काळी ज्योतिर्विदांचा दिवस माध्यान्ही सुरू होई, आणि ग्रिनिचच्या ज्योतिषी गणनेने त्या वेळी २१ तारीखच चालू होती. ही पद्धत १९२४ च्या अखेरीपर्यंत होती. तारखेच्या बाबतीत ही माणसे इतकी काटेकोर होती!

गल्लत का होते?

विजयदुर्गाच्या कथेत तीस वर्षांची गल्लत शिरली ती कोणाच्या लबाडीमुळे नव्हे. लॉकयर, सूर्यग्रहण, हेलियम आणि हिंदुस्थान हे चारही शब्द खरे. त्यांना जोडणारी तारीख तेवढी गळाली. तोंडी कथेत तारीख प्रथम गळते. मग ज्याचे नाव मोठे त्याच्याभोवती सारे गोळा होते. जमखंडीचे ढगाळ आकाश, गुंटूरचे जान्सेन, पुण्याचे नायगामवाला हे सारे त्या एका नावाखाली झाकले जातात. आमच्या मते खरा तोटा हाच आहे.

१९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. ती २० इंची दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. लॉकयर यांचा पत्रव्यवहार इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात जपलेला आहे. तो जपला म्हणून कोण कोठे होता हे आज सांगता येते.

विजयदुर्गावर दोन तारखा लिहिलेला फलक लागावा असे आम्हांस वाटते: १८६८ मध्ये दख्खनवर काय घडले आणि १८९८ मध्ये या ओट्यांवर काय घडले. त्याने किल्ल्याचा मान कमी होणार नाही. तोवर आमच्या शिक्षक-भगिनींनी आणि पालकांनी मुलांच्या वह्यांतील वर्ष दुरुस्त करावे.

आणखी एक विनंती. आपल्या पुष्कळ घरांतून आखातात गेलेल्या वडिलांची, बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांची, मठात गेलेल्या आत्याची जुनी पत्रे आहेत: निळी एरोग्राम, अंतर्देशीय पत्रे, पिवळी पोस्टकार्डे. घर बदलताना ती रद्दीत जातात. त्यांत शास्त्र नसेल. परंतु कोणत्या वर्षी कोणत्या गावी पाऊस पडला नाही, कोणत्या गिरणीत संप झाला, कोणत्या तारखेला कोण देवाघरी गेले, हे त्यांत असते. धर्मग्रामाच्या नोंदवहीत केवळ बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू सापडतात. त्यांमधले आयुष्य या पत्रांत असते. ती कोरड्या जागी ठेवावीत, लिहिणारा कोण आणि कोणाला लिहीत होता हे पेन्सिलीने वेगळ्या कागदावर टिपून सोबत ठेवावे, आणि पाकीट फेकू नये. पत्र लिहिणारा कधीकधी तारीख घालायला विसरतो. टपालाच्या शिक्क्यावर ती असते.